वाड्याच्या जागेत शिवराई शोधताना

पेठेतला वाडा पाडून झाला की नव्या पायाचं खोदकाम सुरू होण्याआधी मधे काही दिवस मिळतात. शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं, शोधायला मेटल डिटेक्टर फिरवायचा तर तेव्हाच, आणि मालकाची लेखी परवानगी घेऊनच. शनिवारवाड्यासारख्या संरक्षित स्मारकाच्या आवारात मात्र हे यंत्र नेऊसुद्धा नका.

आपली जमीन काळ्या बेसाल्टची. त्यात लोहखनिज असल्यामुळे यंत्र उगाच कुरकुरतं, म्हणून सुरुवातीला 'ग्राउंड बॅलन्स' (मातीतल्या खनिजांना यंत्राने दाद देऊ नये अशी जुळणी) नीट करा. वाड्याच्या मातीत खिळे, बिजागऱ्या, कड्या खच्चून भरलेल्या असतात. अशा ठिकाणी लहान कॉइल (यंत्राच्या टोकाची चकती) घ्या, जमिनीलगत सपाट धरा आणि अगदी सावकाश फिरवा. आवाज आला की काटकोनात फिरून पुन्हा तपासा. दोन्ही दिशांनी सारखाच, स्वच्छ आवाज आला तरच खणा. ओटी, दिंडीचा उंबरा, आडाभोवतीची जागा आधी बघा. नाणी हातातून पडायची ती येण्याजाण्याच्या वाटेवरच.

नाणं मिळालं तर कृपा करून चिंच, लिंबू लावू नका! 'श्री राजा शिव' ही झिजलेली अक्षरं आम्लाने कायमची जातात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, मऊ कापडाने टिपा, कागदी पाकिटात ठेवा. जागा आणि खोली तिथेच लिहून घ्या.

आणि 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार, जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. मालकालाही हे आधीच सांगून ठेवा.