माडाच्या आळ्यात सोडणं

मार्च सरला की विहिरीचं पाणी तळाला जातं आणि माडांचं शिंपणं जिवावर येतं. नारळ सोलून उरलेली सोडणं सगळीच न्हाणीच्या चुलीत घालू नका, थोडी आळ्यात ओल टिकवायला राखा.

१. आधी आळं भरपूर शिंपा.
२. ओल आहे तोवर सोडणं एकाला एक लावून मांडा. पाठ वर, पोकळ बाजू मातीकडे. उताणी ठेवलीत तर वळवाच्या पहिल्याच सरीला वाटीवाटीत पाणी साचतं आणि डासांची चंगळ होते.
३. फटींत पातेरा, म्हणजे वाळका पाला, कोंबा.

पुढचं पाणी सोडणांवरूनच द्या. एखादं उचलून माती चाचपा. ओली लागली तर त्या दिवशी पंप लावायला नको. पंपाची वीजही वाचते.

बुंध्यापासून वीतभर जागा मात्र मोकळी ठेवा, नाहीतर वाळवी सोडणातून थेट झाडावर चढते.