होडीचं वायरिंग: या चुका टाळा

बडोद्यात दांडिया बाजारात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. काम रिक्षा-टेम्पोचंच, पण नर्मदाकाठच्या चांदोदचे एक-दोन नावाडी ओळखीचे झाले आणि त्यांच्या होड्याही गळ्यात पडल्या. फायबरची होडी, बारा व्होल्टची एक बॅटरी, दोन-तीन दिवे, हॉर्न आणि तळातलं पाणी उपसायचा पंप. एवढ्याशा वायरिंगमध्ये माणसं जो घोळ घालतात, तो बघून आता कंटाळा आलाय.

माझा सगळ्यात जुना वैरी म्हणजे पीळ मारून काळी टेप गुंडाळलेला जोड.

एकदा अमावास्येच्या आदल्या दिवशी फोन आला, "काका, पंप बळी गयो." म्हणजे पंप जळाला. अमावास्येला कर्नाळीला कुबेराच्या दर्शनाला गर्दी, धंद्याचा दिवस. भाच्याला घेऊन गेलो, तर नावाडी पठ्ठ्याने नवा पंप आणून बसवलाही होता आणि तोही फिरत नव्हता. पंपाच्या टोकाला मीटर लावला, १२.४ व्होल्ट. भाच्याने निकाल देऊन टाकला, "मामा, नवा पंपच डिफेक्टिव्ह आहे."

माझ्या पिशवीत रिक्षाच्या इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब असतो, दोन वायरी डकवलेला. पंप सोडवून त्या जागी तो लावला. बल्ब पेटला, पण उदबत्तीच्या टोकाएवढा, आणि मीटर धाडकन पाचावर आला. मीटर स्वतः करंट ओढतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे कुजक्या जोडातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. लोड टाकून, म्हणजे बल्बसारखं करंट ओढणारं काही जोडून, मोजल्याशिवाय मी कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवत नाही.

जोड सापडला फळीखाली, पाण्यातच. टेप उलगडली तर आतून चमचाभर पाणी निघालं, चार-पाच तारा शाबूत आणि बाकीच्यांची हिरवी पूड. काळी टेप पाणी अडवत नाही, शिरलेलं पाणी मात्र सोडत नाही. त्यात पॉझिटिव्हचा जोड ओला राहिला की तांबं अक्षरशः विरघळत जातं. जुना पंप बॅटरीला थेट लावला, गरगर फिरला. नव्याचे पैसे पाण्यात, तेही नर्मदेच्या.

अशा वेळी वायर मागे कापत जायची, चकचकीत तांबं दिसेपर्यंत. त्या दिवशी फूटभर कापली, कारण कव्हरच्या आतूनही काळेपणा चढतो. मग क्रिंप, म्हणजे दोन्ही टोकं धातूच्या नळीत घालून दाबायची, आणि वर आतून गोंद असलेली, गरम केली की आवळणारी हीट श्रिंक नळी. दोन्ही टोकांना गोंद डोकावला की गरम करणं थांबवायचं. जोड खेचून बघायचा. निघाला तर तुमच्या हातात निघू दे, नदीत नको. नुसत्या सोल्डरवर भिस्त नको, जिथे सोल्डर संपतो तिथे इंजिनाच्या थरथरीने वायर तुटते. आणि जोड तळात ठेवायचाच नाही, जितका वर नेता येईल तितका न्यायचा.

दुसरा वैरी, फ्यूज. पाच अँपिअरचा उडाला की दहाचा, तो उडाला की तिसाचा. एकाने तर सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली होती. विचारलं तर म्हणे, "फरी उडे नहीं ने!", परत उडायला नको म्हणून. अरे बाबा, उडणं हेच त्याचं काम. फ्यूज वायरीला वाचवायला असतो, म्हणून त्याचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरतो. शॉर्ट झाल्यावर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते, वायर लाल होते, आणि फायबर चांगलं पेटतं. रस्त्यावर रिक्षातून उडी मारता येते; भर पात्रात वीस प्रवासी घेऊन कुठे मारणार? फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात हवा, त्याच्या अलीकडच्या वायरीला कोणीच वाली नसतो. मी फ्यूजच्या डब्याच्या झाकणाला त्याच आकड्याचे दोन जादा फ्यूज चिकटवून देतो. तेही उडाले तर मला फोन करायचा, चांदी शोधायची नाही.

बॉडी अर्थ, म्हणजे निगेटिव्ह सरळ गाडीच्या पत्र्यालाच जोडणं, ही आम्हा गाडीवाल्यांची खोड. पहिल्याच होडीत मी निगेटिव्हचा बोल्ट मारायला जागा शोधत बसलो होतो, फायबरमध्ये! प्रत्येक उपकरणाला निगेटिव्हची वेगळी वायर द्या. होडी लोखंडी असली तरी, नाहीतर पत्रा गंजून खाल्ला जातो.

घरातली एकाच जाड तारेची कडक वायर होडीत नको, तुटतेच. भरूचकडच्या खाऱ्या पाण्यात जाणार असाल तर कल्हई केलेली बारीक तारांची वायर घ्या, महाग पडली तरी.

बारीक वायर टाकून "दिवा मंद का?" विचारू नका. १० अँपिअरचा झोतदिवा, जाऊन-येऊन १० मीटर, दीड चौरस एमएमची वायर: सव्वा व्होल्टच्या आसपास वाटेतच गेला. चार चौरस एमएमची टाका.

आपोआप चालणारा पंप मेन स्विचच्या पुढे जोडू नका. रात्री स्विच बंद, पाऊस चालू, सकाळी होडी तळाला. त्याला बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूजची लाइन द्या.

वायरी लोंबकळत ठेवू नका, दर हातभर अंतरावर क्लिप. आणि दोन्ही टोकांना लेबल. भाचा म्हणतो, लक्षात राहतं. महिन्याने हॉर्नची वायर शोधायला त्यालाच अर्धा तास लागला. मी तर डब्याच्या झाकणात नकाशाही काढून ठेवतो, गुजरातीत, कारण भर नदीत तो नावाड्यालाच वाचायचा असतो.