९० मिमी लेन्सचा हुकणारा फोकस असा जुळवला
डिजिटल रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर (यात खिडकीतून दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस करतात) ९० मिमी लेन्स एफ/२ ला, म्हणजे छिद्र बरंच उघडं ठेवून, वापरली की डोळ्यांऐवजी कान स्पष्ट यायचे. आधी दोष कशात आहे ते शोधलं. कॅमेरा तिपाईवर, समोर तिरपी मोजपट्टी, आणि त्याच अंतरावरून ५० मिमी लेन्सनेही फोटो. दोन्ही लेन्स मागेच फोकस करत होत्या, म्हणजे गडबड कॅमेऱ्याच्या रेंजफाइंडरमध्ये, त्या फोकस जुळवणाऱ्या यंत्रणेत. तो तंत्रज्ञाकडून जुळवून घेतला. उरलेलं काम १.४ पटीच्या भिंगाने केलं. ते आयपीसवर, म्हणजे डोळा लावतो त्या खिडकीवर, लावलं की ९० मिमीच्या फोटोची हद्द दाखवणारी इवलीशी चौकट मोठी दिसते, दोन प्रतिमा नेमक्या एकावर एक बसल्या की नाही ते कळतं. ७५ मिमीला मला त्याची गरज वाटत नाही. लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर लेन्समधून थेट दिसणारं चित्र) याहून अचूक खरा, पण त्यात चौकटीबाहेरचं दिसत नाही, आणि मला रेंजफाइंडर हवा असतो तो त्यासाठीच.