निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी : हयातीचा दाखला आणि पत्नीचं नाव

पेन्शन ‘स्पर्श’वर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन व्यवस्थेवर असेल तर हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावाच लागतो. इंदूरहून त्यासाठी महूच्या लष्करी छावणीत खेटे घालायची गरज नाही. मोबाइलवर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन ॲप घ्या. साठी-सत्तरीनंतर बोटांचे ठसे पुसट होतात, यंत्र ते नाकारतं. चेहरा खिडकीच्या उजेडात धरला की काम होतं. पेन्शन वितरक म्हणून बँक नव्हे, ‘स्पर्श’ निवडा. इथे चुकलं तर दाखला भलतीकडे जातो.

खरी अडचण वेगळीच. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत. पीपीओत (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) ‘सुनंदा’, आधारवर माहेरची ‘कुसुम’! साहेब हयात असतानाच पीपीओ, आधार, पॅन आणि बँकेतलं नाव, जन्मतारीख ताडून पाहा, तफावत दुरुस्त करा. नंतर तोच अर्ज एकट्या बाईंना रेटावा लागतो.

साहेबांच्या पश्चात पत्नीला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन साधारणपणे शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के. निवृत्तीनंतर मृत्यू झाल्यास सुरुवातीला 50 टक्के, पण मृत्यूपासून 7 वर्षं किंवा दिवंगत हयात असते तर 67 वर्षांचे झाले असते तो दिवस, यांतलं जे आधी येईल तोवरच. घरखर्चाचा हिशोब 30 टक्क्यांवरच मांडा.