स्ट्रपॉस आणि गळालेले नाशिक रोडवाले

आमच्या दिवाळी अंकाच्या वर्गणीदारांची यादी मी पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत ठेवतो. मागे गठ्ठे बांधताना नाशिक रोडचा गठ्ठा अगदीच बारीक निघाला. ‘देवळाली गाव, नाशिक रोड’ लिहिणारे यादीत होते. ‘नाशिक रोड, जेल रोड’ असं उलटं लिहिणारे सगळे गळाले होते.

चूक माझीच. पत्त्यात ‘नाशिक रोड’ आहे का ते मी स्ट्रपॉसने, म्हणजे मजकुरात शब्द शोधणाऱ्या पीएचपीच्या फंक्शनने, तपासत होतो. त्याला आधी पूर्ण मजकूर द्यायचा, मग शोधायचा शब्द. (इन_अ‍ॅरेत, म्हणजे यादीत शोधणाऱ्या फंक्शनमध्ये, क्रम नेमका उलटा. मी अजून चुकतो.) सापडलं तर जागेचा आकडा मिळतो, नाहीतर फॉल्स, म्हणजे ‘नाही’. मोजणी शून्यापासून, म्हणून शब्द अगदी सुरुवातीला असला की उत्तर ०, आणि नुसत्या इफला, म्हणजे ‘जर’च्या अटीला, ० काय नि फॉल्स काय, सारखंच.

मी लिहिलं होतं:

इफ (स्ट्रपॉस($पत्ता, 'नाशिक रोड'))

हवं होतं:

इफ (स्ट्रपॉस($पत्ता, 'नाशिक रोड') !== फॉल्स)

बरोबरची चिन्हं दोन. एकच टाकलंत तर पुन्हा तीच गफलत. ($पत्ता ही थट्टा नाही, देवनागरी व्हेरिएबल (माहिती ठेवायचं नाव) पीएचपी मुकाट चालवून घेतं. इफ, स्ट्रपॉस वगैरे मात्र रोमन अक्षरांतच टाइप करा.)

फक्त आहे की नाही एवढंच बघायचं असेल तर पीएचपी ८ पासून स्ट्र_कंटेन्स आहे, तेच वापरा. शोधायचा शब्द रिकामा नाही ना, ते आधी तपासा. रिकाम्याला ते सरसकट हो म्हणतं.

जागा हवी असेल तर मराठीत खरी गंमत. ‘नाशिक रोड’मध्ये ‘रोड’ कुठे? स्ट्रपॉस म्हणतं १६, कारण ते बाइट (साठवणीचं एकक) मोजतं आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. एमबी_स्ट्रपॉस म्हणतं ६. ते काना-वेलांटी सुटी मोजतं. ग्राफीम_स्ट्रपॉस म्हणतं ४, आपण बोटांवर मोजू तसं. त्याला इंटल हे पीएचपीला वेगळं जोडायचं एक्स्टेन्शन लागतं. ज्या घराण्यातलं शोधणारं, त्याच घराण्यातलं कापणारं घ्या. मी एमबी_स्ट्रपॉसचा ६ साध्या सबस्ट्रला, म्हणजे बाइट मोजून कापणाऱ्याला, दिला, तर ‘श’च्या आधीच तुकडा पडून लेबलवर नुसतं ‘ना’ उरलं.

आणि ‘दुसऱ्या मजल्यावर’ शोधताना काहीच सापडेना, तर ‘ऱ्या’ बघा. कुणी ऱ टाइप करतं, कुणी र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर एकच, बाइट वेगळे. मी आता पत्ता साठवतानाच स्ट्र_रिप्लेस या बदली करणाऱ्या फंक्शनने सगळे ऱ करून घेतो.