हिमगाभ्याचं रसायन कसं वाचायचं: आधी स्वतःचा घाम ओळखा

कोल्ड रूममध्ये नव्याने येणाऱ्याला मी आधी पेन्सिलींना टोक करायला बसवते. उणे २० अंशांत बॉलपेनची शाई उतरत नाही, चिकटपट्टी चिकटत नाही, आणि तुकड्यावर वरची बाजू दाखवणारा बाण काढायचा राहिला तर पुढची सगळी मेहनत पाण्यात. तुकडा पालथा मोजला तरी आकडे छानच येतात. फक्त १८१६ साल १८१५ च्या आधी येतं.

हिमगाभा म्हणजे ध्रुवीय बर्फात उभं भोक पाडून काढलेला, साधारण मनगटापेक्षा जाड असा लांबलचक दंडगोल. आम्ही त्याला नुसतं कोअर म्हणतो. अंटार्क्टिकातल्या डोम सी इथलं खोदकाम २००४ च्या अखेरीस सुमारे ३,२७० मीटरवर थांबलं आणि ८ लाख वर्षांची नोंद हाती आली. हे ऐकलं की लोक विचारतात, त्यात तापमान कुठे लिहिलेलं असतं? कुठेच नाही. त्यात पाणी असतं, नाममात्र मीठ, धूळ, आम्ल आणि कोंडलेली हवा. तापमान आपण त्यावरून काढतो, आणि काढताना चुकतो. चुका ज्या क्रमाने होतात त्याच क्रमाने पुढचं सांगते.

तासणं

खोल भोक बर्फाच्या दाबाने मिटू नये म्हणून त्यात रॉकेलसारखा द्रव भरलेला असतो. कोअर त्यातूनच वर येतो. शिवाय ड्रिलचं पातं, पेटी, पिशवी, हात सगळ्यांचा स्पर्श त्याच्या बाहेरच्या अंगाला झालेला असतो. तेव्हा बँडसॉवर कापून आतली चौकोनी पट्टी घ्यायची आणि तिच्या चारही बाजू सिरॅमिकच्या सुरीने खरवडायच्या. पातं एकाच दिशेला ओढा, मागेपुढे घासू नका, नाहीतर काढलेला मळ परत तिथेच बसतो. एक बाजू झाली की हातमोजे बदला. सुरी नीट लागत असेल तर खवलेल्या नारळासारखा मोकळा कीस पडतो. पातं घसरून काचेवर नख ओढल्यासारखा आवाज आला तर कोन चुकलाय.

६०० ते १,२०० मीटरच्या आसपासचा बर्फ फार ठिसूळ असतो. त्यातल्या बुडबुड्यांमधली हवा प्रचंड दाबाखाली असते, आणि वर आणल्यावर तो नुसत्या हलवण्यानेही तडकतो. असा कोअर बरेचदा वर्षभर तसाच ठेवून देतात, त्यातला ताण निवू देतात. त्याला भेग दिसली की ती जागा वहीत लिहा आणि तेवढा भाग सोडून द्या. भेगेतून ड्रिलचा द्रव आत शिरलेला असतो.

आता माझीच गोष्ट. शिकत होते तेव्हा एका नमुन्यात सोडियमचा असा काही उंच सुळका आला की मी दोन दिवस हवेत होते. समुद्री वादळाची खूण सापडली असं मला वाटत होतं. माझ्या वरिष्ठ बाईंनी आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "पोटॅशियम बघितलंस?" बघितलं. समुद्राच्या पाण्यात वजनाने सोडियमच्या जेमतेम ४ टक्के पोटॅशियम असतं. माझ्या सुळक्यात ते त्याच्या कितीतरी पट निघालं. ते वादळ नव्हतं, माझं मनगट होतं. हातमोजा आणि बाही यांच्यामध्ये बोटभर फट राहिली होती.

हिशोब करून पाहा. घामात लिटरला साधारण १ ग्रॅम सोडियम असतं. म्हणजे घामाच्या एका मायक्रोलिटरमध्ये १ मायक्रोग्रॅम. टाचणीच्या टोकावर राहील एवढा तो थेंब २० मिलिलिटर नमुन्यात पडला तर सोडियम ५० पीपीबीने (म्हणजे अब्ज भागांत ५० भागांनी) वाढतं. डोम सीच्या आजच्या बर्फात मुळात असतंच २० ते ३० पीपीबी. तुमचा एक थेंब अख्ख्या दक्षिण महासागराला भारी पडतो.

म्हणून ब्लँक. अतिशुद्ध पाणी गोठवून खोटा कोअर तयार करा आणि त्याला खऱ्यासारखंच वागवा: तोच बँडसॉ, तीच सुरी, तीच पिशवी, तीच बाटली. त्यात जे सापडेल ते तुमचं. नवीन माणसं ब्लँक शेवटी, वेळ उरला तर करतात. मी पहिल्या दिवशी फक्त ब्लँकच करायला लावते, आणि त्यावरून माझ्यावर रुसलेले बरेच आहेत.

वितळवणं आणि मोजणं

दोन रस्ते आहेत. एक जुना: पट्टीचे छोटे तुकडे करून बाटल्यांत वितळवायचे आणि आयन क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे पाण्यातले क्षार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, लावायचे. दुसरा सलग वितळवण्याचा: पट्टी तापवलेल्या धातूच्या ठोकळ्यावर उभी करायची, ती आपल्या वजनाने हळूहळू खाली सरकते, मधल्या भागाचं पाणी नळीतून उपकरणांकडे जातं आणि कडेचं टाकून दिलं जातं. दुसऱ्या पद्धतीत दिवसाला कित्येक मीटर होतात. पण नळीत पाणी मिसळत असल्याने बारीक थर थोडे पुसट होतात. हाताखाली थोडाच बर्फ असेल आणि शिकायचं असेल तर पहिली पद्धत घ्या. कंटाळवाणी आहे, पण चूक कुठल्या बाटलीत झाली ते कळतं.

मीठ, धूळ, आम्ल

सुरुवात सोडियमपासून करा. ते मुख्यतः समुद्रातून येतं, आणि त्याच्या आधाराने बाकीच्यांचा हिशोब सुटतो. सल्फेटचंच घ्या. समजा सोडियम २४ पीपीबी आहे आणि सल्फेट ८६. समुद्राच्या पाण्यात सल्फेट सोडियमच्या सुमारे पाव पट असतं, म्हणजे ६ पीपीबी समुद्री मिठाबरोबर आलं. उरलेलं ८० दुसरीकडून आलंय. त्यातला नेहमीचा मोठा भाग समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींच्या गंधकवायूपासून बनतो, आणि मधूनच ज्वालामुखी येऊन त्यावर ढीग रचतो. किनाऱ्याजवळच्या कोअरमध्ये हा पावपटीचा नियम डोळे मिटून वापरू नका. समुद्र गोठताना सल्फेटचा काही भाग क्षाराच्या रूपाने बर्फातच मागे राहतो, मग तिथून उडालेल्या मिठात ते कमी असतं आणि वजाबाकी उणे येते. उत्तर उणे आलं की काही जण शून्य लिहून मोकळे होतात. तसं करू नका. ते उणेच समुद्रबर्फाबद्दल काहीतरी सांगतंय.

कॅल्शियममधून समुद्राचा वाटा असाच वजा केला की उरते ती जमिनीवरची धूळ. हिमयुगात पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर आजच्या सुमारे २५ पट धूळ पडत होती, बरीचशी पॅटागोनियाकडून. ग्रीनलंडच्या बर्फात ती आशियातल्या वाळवंटांतून आलेली सापडते. ग्रीनलंडच्या या धुळीत कार्बोनेट असतं आणि ते आम्लाशी मिळून बर्फातच कार्बन डायऑक्साइड तयार करतं. त्यामुळे त्या वायूसाठी ग्रीनलंडच्या कोअरवर विसंबू नये, अंटार्क्टिकाकडे जावं.

वय

खोली म्हणजे काळ नव्हे. वरचे थर जाड, खालचे दाबाने चेपून पातळ झालेले. २०२५ च्या जानेवारीत डोम सीजवळच्याच लिटल डोम सी इथे २,८०० मीटर खोलीवर तळ लागला, आणि तिथल्या १२ लाख वर्षांपर्यंतच्या बर्फात एकेका मीटरमध्ये १३,००० वर्षांपर्यंतचा काळ चेपला गेलाय.

जिथे बर्फ भरपूर पडतो तिथे वर्षं मोजता येतात. अंटार्क्टिकात साधारणपणे सोडियम हिवाळ्यात वर जातं, जैविक सल्फेट उन्हाळ्यात. या दोन लाटा एकाआड एक आल्या की एक वर्ष. एकाच लाटेवर मोजाल तर फसाल: एखाद्या वर्षीचा बर्फ वारा उडवून नेतो आणि ते वर्ष नोंदीत नसतंच. डोम सीवर तर वर्षाला जेमतेम अडीच सेंटिमीटर पाण्याइतका बर्फ पडतो, तिथे हा खेळ चालतच नाही.

मग मैलाचे दगड शोधायचे. १८१५ साली फुटलेला इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका दोन्हीकडे सल्फेटच्या सुळक्याच्या रूपात सापडतो. त्याच्या थोडं खाली १८०९ च्या सुमाराचा आणखी एक सल्फेटचा सुळका असतो. तो नेमक्या कुठल्या ज्वालामुखीचा, हे कोडंच आहे. ही जोडी इतकी ठळक असते की सवय झालेल्या डोळ्याला ती रांगेतल्या जुळ्या भावांसारखी लगेच ओळखू येते. त्याहून खाली १२५७ चा लोंबोक बेटावरचा समालास. तो सुळका कित्येक दशकं माहीत होता, त्याचा ज्वालामुखी २०१३ साली ठरला. बर्फात आम्लाची तारीख आधी लागते, डोंगर मागाहून सापडतो.

तापमान

१९५२ च्या जूनमध्ये विली डान्सगार्ड या डॅनिश शास्त्रज्ञांनी कोपनहेगनमध्ये बिअरच्या रिकाम्या बाटलीवर नरसाळं ठेवून पाऊस गोळा केला आणि त्यातला जड ऑक्सिजन मोजला. ढग जितक्या थंडीत शिरतो, तितकं जड पाणी आधीच गळून जातं आणि उरलेलं हलकं होत जातं. ध्रुवावर पोचेपर्यंत ते खूपच हलकं होतं. प्रमाण समुद्राच्या पाण्याशी ताडून दर हजारी फरकाने सांगतात. डोम सीला ऑक्सिजन-१८ (तोच जड ऑक्सिजन) सुमारे उणे ५०, ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) सुमारे उणे ३९०. आता ऑक्सिजनच्या आकड्याला ८ ने गुणा आणि तो गुणाकार ड्यूटेरियममधून वजा करा: उणे ३९० अधिक ४००, म्हणजे १०. या उरलेल्या आकड्याला ड्यूटेरियम एक्सेस म्हणतात, आणि तो पाणी मुळात ज्या समुद्रावरून उडालं तिथली खबर देतो.

इथवर सोपं आहे. घोटाळा पुढे होतो. आजच्या ग्रीनलंडमध्ये एका अंशाला ऑक्सिजन-१८ दर हजारी सुमारे ०.७ ने बदलतो. हाच भाव हिमयुगाला लावला तर मध्य ग्रीनलंड आजच्यापेक्षा १० ते १२ अंश थंड निघतो. पण ज्या भोकातून कोअर काढला त्यात थर्मामीटर सोडून खोलवरचं तापमान मोजलं, तेव्हा उत्तर २० अंशांहून जास्त आलं. बर्फाच्या पोटात जुनी थंडी अजून शिल्लक होती. मग समस्थानिक, म्हणजे हे जड-हलके अणू, खोटं बोलले का? तसं नाही. हिमयुगात तिथे हिवाळ्यात बर्फ फारसा पडतच नव्हता, नोंद झाली ती बहुतेक उन्हाळ्याची. जे पडलंच नाही त्याचं तापमान बर्फ कसं सांगणार? तेव्हा आलेखाच्या अक्षावर आधी मोजलेला आकडा लिहा. अंश सेल्सिअस लिहायची घाई झाली असेल तर कुठला भाव लावला तेही शेजारीच लिहा.

हवा

बर्फ पडल्या पडल्या हवा कोंडली जात नाही. वरचा ५० ते १०० मीटरांचा थर सच्छिद्र असतो, त्यातून हवा खेळत राहते. घनता घन सेंटिमीटरला ०.८३ ग्रॅमच्या आसपास गेली की बुडबुडे बंद होतात. म्हणून एकाच तुकड्यातली हवा बर्फापेक्षा तरुण असते, अंटार्क्टिकातल्या वोस्तोकसारख्या कोरड्या जागी हिमयुगात तर काही हजार वर्षांनी. कार्बन डायऑक्साइड आधी वाढला की तापमान, यावरचे निम्मे वाद या फरकाकडे दुर्लक्ष केल्याने होतात. कार्बन डायऑक्साइडसाठी बर्फ न वितळवता निर्वातात चुरडतात, कारण पाण्यात तो विरघळतो आणि कार्बोनेटही जागं होतं. मिथेनला वितळवलेलं चालतं. ८ लाख वर्षांत कार्बन डायऑक्साइड साधारण १८० ते ३०० पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आतच फिरत राहिला. आज तो ४२० च्या वर आहे.

कोल्ड रूम नसेल तर

डोम सी, वोस्तोक आणि ग्रीनलंडच्या कोअरांचे आकडे जालावर फुकट आहेत. नोआ या अमेरिकी सरकारी संस्थेच्या पुराहवामान संग्रहात आणि जर्मनीच्या पँगिया संग्रहात शोधा. फाइल उघडली की आधी वरचा मजकूर वाचा. वयाचे दोन रकाने असतील, बर्फाचं आणि वायूचं. कुठलं वय कशासाठी ते ठरवल्याशिवाय एकही रेघ ओढू नका. 'आजपासून इतकी वर्षं' यातला आज कधी १९५० असतो, कधी २०००, तेही तिथेच दिलेलं असतं.

पहिल्याच दिवशी ८ लाख वर्षांचा आलेख काढू नका. जास्त बर्फ पडणाऱ्या जागेचा एखादा कोअर घ्या, १८०० ते १८२५ एवढीच खिडकी उघडा, सोडियमवरून समुद्राचं सल्फेट वजा करा आणि ते जुळे भाऊ शोधा. एकच सापडला तर दुसरा उडून गेला असं मानण्याआधी वयाचा रकाना पुन्हा तपासा. तिसरा निघाला तर पोटॅशियम बघा.