कुत्र्याला डिल्टियाझेम देताय? या चुका टाळा

एट्रियल फिब्रिलेशनच्या (हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात आणि ठोके जलद, अनियमित पडतात) कुत्र्याला डिल्टियाझेम हे ठोके कमी करणारं औषध देणं बरोबरच आहे, पण ते बहुतेक वेळा रिदम, म्हणजे ठोक्यांची लय, सरळ करत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. ते एव्ही नोडमधली (वरच्या कप्प्यांतले सिग्नल खालच्या कप्प्यांकडे सोडणारा दुवा) कॅल्शियमची वाट अडवतं, त्यामुळे वरून येणारे थोडेच सिग्नल खाली पोचतात आणि ठोके कमी होतात, वरचे कप्पे थरथरतच राहतात.

सगळ्यात जास्त चीड येते ती एसआर (औषध हळूहळू सोडणारी) गोळी कुटून दिली की. मागे एक डॉबरमन आला, तीसेक किलोचा, दुसरीकडून एसआर ९० लिहून दिलेली, त्यात अटेनोलॉल (ठोके कमी करणारं दुसरं औषध) आधीपासून चालूच (ही जोडी नकोच, दोन्ही त्याच नोडला दाबतात). गोळी थुंकतो म्हणून घरच्यांनी ती कुटून दहीभातात कालवली, मग काय, तासन्‌तास हळूहळू सुटायचं औषध एकदम रक्तात. हिरड्या पांढऱ्याफटक, मागचे पाय लटपटतायत, ठोके मिनिटाला चाळीसच्या आत. ईसीजी लावला तर ज्युनियर खूश, "सर, रिदम रेग्युलर झाला!" अरे बाबा, पी वेव्ह (वरच्या कप्प्यांच्या नीट ठोक्याची खूण) नाही, मधली रेघ अजून थरथरतेय आणि तरी ठोके घड्याळासारखे एकाच अंतरावर, म्हणजे एव्ही नोड पूर्ण बंद पडलाय आणि खालचा भाग स्वतःच्या जिवावर चाललाय! कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून, अगदी हळू, ईसीजीवरची नजर न हलवता दिलं, रात्रभर बसलो, वाचला.

तेव्हापासून चिठ्ठीवर मराठीत मोठ्या अक्षरात लिहितो, मोडू नका, कुटू नका. गोळी न गिळणाऱ्याला साधी डिल्टियाझेम दिवसातून तीनदा. मालक कुरकुरतात, कुरकुरू देत.

दुसरं म्हणजे टेबलावर घाबरलेल्या कुत्र्याचे १८० ठोके मोजून लगेच डोस वाढवणं. एवढी घाई कशाला? होल्टर (अंगावर बांधून ठेवायचा ईसीजी) लावा, २४ तासांची सरासरी १२५ च्या खाली आली का बघा. होल्टर नसेल तर घरी झोपलेला असताना छातीवर हात ठेवून पूर्ण मिनिट मोजायला सांगा, पंधरा सेकंद गुणिले चार इथे चालत नाही. मांडीची नाडी तर मोजूच नका, फिब्रिलेशनमध्ये निम्मे ठोके तिथवर पोचतही नाहीत कधीकधी.

रुंद क्यूआरएसची टॅकिकार्डिया (जलद ठोके, ईसीजीवर प्रत्येक ठोक्याची खूण रुंद) दिसली की शिरेतून व्हेरापामिल (हेही कॅल्शियमची वाट अडवणारं औषध) ठोकू नका, ती व्हेंट्रिक्युलर, म्हणजे खालच्या कप्प्यांतून सुरू झालेली, निघाली तर बीपी कोसळून जनावर हातचं जाईल.

आणि त्याच गटातलं अॅम्लोडिपिन वाढलेल्या बीपीसाठी आहे, जास्त करून मांजरांच्या, ते रक्तवाहिन्या सैल करतं, ठोके कमी करायला त्याचा उपयोग नाही, उलट बीपी पडलं तर वाढतात.